सेवाधर्म कीं वेठ?

“रुग्णालय म्हणजे कांहीं गिरणी नव्हे,” हें वाक्य आपल्या सुशिक्षित समाजांत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्याचा नेमका अर्थ काय, हें विचारण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. एखाद्या रुग्णालयाच्या फाटकापाशीं परिचारिका हातांत फलक घेऊन उभ्या राहिल्या, वॉर्डबॉय, आया व सफाईवाले त्यांच्या मागें येऊन बसले, म्हणजे दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारांत, तिसऱ्या प्रहरीं चहाच्या वेळीं आणि रात्रीं जेवणाच्या पानावर हेंच वाक्य ऐकूं येतें. बोलणारे लोक दुष्ट नसतात. त्यांच्यांतील पुष्कळांच्या घरचें एखादें माणूस त्याच सुमारास कोठेंतरी खाटेवर पडलेलें असतें आणि त्यांची काळजी खरी असते. तथापि काळजी खरी असली म्हणून तिच्या पोटीं जन्मलेला विचारहि खरा असतोच असें नाहीं. रुग्णालयांतील आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील कामगारांनीं संघ करूं नये. केलाच तर त्यानें मागण्या करूं नयेत. आणि मागण्या केल्याच तर त्यांच्या पाठीशीं संपाचें बळ असूं नये, हा जो विचार आपण मोठ्या सोज्ज्वळपणें बाळगतों, तो मुळांतच अन्यायाचा आहे असें मला म्हणावयाचें आहे. आणि तो अन्याय कामगारापाशीं थांबत नाहीं, रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचतो, हेंहि दाखवावयाचें आहे.

या विचाराचा सगळा भार ‘सेवा’ या एका शब्दावर आहे. परिचारिका सेवा करते, म्हणून तिनें मोबदल्याचा हिशेब करूं नये! गंमत अशी कीं, ‘सेवाधर्म’ हा ज्या भर्तृहरीमुळें आपल्या तोंडीं बसला, त्याच्या नीतिशतकांत तो शब्द धन्यापुढें कसेंहि वागलें तरी दोषच पदरीं येणाऱ्या पगारी चाकराच्या अवघड स्थितीविषयीं आला आहे. निरपेक्ष परोपकाराचा तेथें संबंध नाहीं. आपण मात्र चाकरी तशीच ठेवून तिच्यावर परोपकाराचा शेंदूर फांसला, आणि दगडास शेंदूर फांसला कीं त्याला भूक लागत नाहीं असें धरून चाललों.

बरें, हा शेंदूर सर्वांस सारखा लागतो म्हणावें तर तसेंहि नाहीं. डॉक्टरची सेवाच असते. पण त्याच्या फीविषयीं कोणी त्यास सेवाधर्माची आठवण देत नाहीं. कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयांत एका तरुण डॉक्टर महिलेची अमानुष हत्या झाल्यावर १७ ऑगस्ट २०२४ रोजीं देशभरच्या डॉक्टरांनीं चोवीस तास तांतडीच्या कामाखेरीज इतर काम बंद ठेवलें, तेव्हां समाजाची सहानुभूति त्यांच्या बाजूनें उभी राहिली. आणि ती योग्यच होती. आम्हां प्राध्यापकांच्या धंद्यास तर ‘विद्यादान’ असें सेवेहूनहि भारदस्त नांव आहे. तरीहि २०१३ सालीं महाराष्ट्रांतील महाविद्यालयीन प्राध्यापकांनीं विद्यापीठाच्या परीक्षांच्या कामावर कित्येक आठवडे बहिष्कार घातला होता, आणि थकबाकीच्या आंकड्यापुढें दानाचा विचार आमच्यापैकीं फारसा कोणास सुचला नव्हता. मग रात्रपाळीस तीसचाळीस रोगी एकटीनें सांभाळणाऱ्या नर्सनें किंवा मलमूत्र उचलणाऱ्या आयेनें तोंड उघडतांच आपणांस धर्म आठवतो, तो कां? जों जों पगार कमी, तों तों सेवाभावाची अपेक्षा जास्त, असें हें विलक्षण त्रैराशिक आहे. खेड्यापाड्यांतील आशाताईंस तर आपण ‘स्वयंसेविका’ असेंच नांव देऊन ठेविलें आहे, म्हणजे वेतन हा शब्दच उद्भवूं नये. महाराष्ट्रांतील सुमारें सत्तर हजार आशा जून २०२१ मध्यें करोनाच्या धुमाळींत संपावर गेल्या त्या कांहीं हौसेनें गेल्या नव्हत्या. त्याच्या आदल्या वर्षीं, २२ मार्च २०२० रोजीं, आपण गॅलरीत उभे राहून त्यांच्यासाठीं थाळ्या वाजविल्या होत्या. थाळी वाजविण्यांत वाईट कांहीं नाहीं. पण ज्या थाळींत कांहीं वाढलें जातें ती वाजत नाहीं, हें त्या बायांस आपल्यापेक्षां लवकर समजलें.

आतां कायद्याकडे वळूं. कारण हा वाद आपल्याकडे केवळ भावनेचा राहिलेला नाहीं, साठ वर्षांहून अधिक काळ तो न्यायालयांत चालत आला आहे, आणि त्याचा प्रारंभ आपल्या मुंबईंतच झाला आहे. जे. जे. रुग्णालय-समूहांतील वॉर्डांत चाकरीस असलेल्या दोघांस सरकारनें कामावरून कमी केलें. कारण काय, तर मुलकी पुरवठा खात्यांतून मोकळ्या झालेल्या सरकारी नोकरांची कोठेंतरी सोय लावावयाची होती. औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं झालेल्या दुरुस्तीनें अशा वेळीं कामगारास सूचना आणि नोकरीच्या दर वर्षामागें पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी असें ठरविलें होतें. ती न देतां या दोघांस घरीं पाठविण्यांत आलें. त्यांचा संघ होता. त्याचें नांव हॉस्पिटल मजदूर सभा. सभा उच्च न्यायालयांत गेली. सरकारचें म्हणणें असें कीं, रुग्णालय हा ‘उद्योग’च नव्हे, तेथें गरिबांस औषधोपचार मिळतो, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांस शिक्षण मिळतें, नफा कोणी मिळवीत नाहीं, तेव्हां उद्योगाचा कायदा येथें लागूच होत नाहीं. पहिल्या न्यायाधीशांनीं अर्ज फेटाळला, अपिलांत तो मान्य झाला, आणि दोन वॉर्डसेवकांच्या भरपाईची रक्कम वांचविण्यासाठीं मुंबई सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. दोघा वॉर्डसेवकांची ऐपत दिल्लीपर्यंत जाण्याची नसते, संघाची असते. संघ कशासाठीं हवा, या प्रश्नास याहून साधें उत्तर मला ठाऊक नाहीं.

२९ जानेवारी १९६० रोजीं न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं निकाल दिला, तो कामगारांच्या बाजूनें. त्यांतील तर्क कोणाहि सामान्य माणसास पटण्यासारखा आहे. एखादें काम खासगी माणसानें चालविलें असतां उद्योग ठरत असेल, तर तेंच काम सरकारनें चालविल्यानें त्याचें स्वरूप पालटत नाहीं. नफ्याचा हेतु असणें हेंहि आवश्यक नाहीं. मालक व नोकर यांच्या सहकार्यानें, पद्धतशीर रीतीनें, समाजाची गरज भागविण्याचें काम तेथें चालतें कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. संस्कृत पंडितांच्या घराण्यांत जन्मलेल्या या न्यायमूर्तींस सेवा शब्दाचें पावित्र्य कोणी शिकवावें असें नव्हतें. पण पावित्र्यानें भरपाई चुकती होत नाहीं हेंहि ते जाणून होते.

हा निकाल टिकला दहा वर्षें. १९७० सालीं दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यांत सहा न्यायमूर्तींनीं तो फिरविला. मग १९७५ सालीं सोलापूरच्या धनराजगिरजी रुग्णालयाच्या बाबतींत असें ठरलें कीं, तेथें मुख्यतः परिचारिकांस शिक्षण दिलें जातें व खाटा त्यांच्या सरावासाठीं आहेत, सबब तो उद्योग नव्हे! खाटेवरील रोगी सरावाचें साधन आणि त्याचें अंग पुसणारी बाई ही विद्यार्थिनी, असा हा अर्थ झाला. १९७८ सालीं बंगलोर पाणीपुरवठा खटल्यांत सात न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें हें सारें पुसून टाकलें आणि न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रानें रुग्णालयें पुन्हां उद्योगाच्या कक्षेंत आलीं. त्यावर १९८२ सालीं संसदेनें व्याख्या बदलून रुग्णालयें वगळण्याची तरतूद केली. त्यांच्यासाठीं वेगळा कायदा करूं असें सांगून तसें विधेयकहि मांडलें. विधेयकाचा कायदा झाला नाहीं, आणि बदललेली व्याख्या कधींच अमलांत आणली गेली नाहीं. पुढें २००५ मध्यें हा प्रश्न पुन्हां उकरला जाऊन २०१७ मध्यें नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यांत आला. एखाद्या रोग्यास इतक्या वेळां एका वॉर्डांतून दुसऱ्या वॉर्डांत हलविलें असतें तर त्याच्या नातेवाइकांनीं दंगा केला असता.

आतां २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिनें उद्योगाची व्याख्या १९७८ च्या निकालाच्या धर्तीवर व्यापक केली खरी. पण लगेच कांहीं अपवाद घातले. ज्या संस्था सर्वस्वीं किंवा बव्हंशीं धर्मादाय, सामाजिक वा लोकोपकारी कार्य करणाऱ्या मंडळींच्या मालकीच्या अथवा व्यवस्थेखालीं असतील, त्या उद्योग नव्हेत. आणि घरगुती चाकरीहि उद्योग नव्हे. या दोन अपवादांकडे वाचकांनीं नीट पाहावें. पहिल्यांत आपलीं मोठमोठीं विश्वस्त रुग्णालयें शिरावयास पाहतील, आणि दुसऱ्यांत आपण स्वतः शिरलेलेच आहोंत. दुसऱ्याविषयीं शेवटीं लिहीन.

धर्मादाय रुग्णालय म्हणजे काय, हें मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गास सांगावयास नको. त्याच्या दारांत देणगीदारांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं असतात आणि आंत अनामत भरल्याशिवाय खाट मिळणें कठीण असतें. या संस्थांस विश्वस्त म्हणून ज्या सवलती मिळतात त्यांच्या बदल्यांत १० टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखून ठेवाव्या, आणि बिलाच्या एकूण रकमेच्या २ टक्के वेगळे काढून निर्धन रुग्णांच्या निधींत घालावे, अशी योजना उच्च न्यायालयास २००६ सालीं आंखून द्यावी लागली. धर्मादाय संस्थेस धर्म करावयास न्यायालयानें सांगावें, यांत सर्व आलें. रोग्याच्या मुलापुढें बिल ठेवतांना ही संस्था दुकानदार असते. वॉर्डबॉयनें पगारवाढ मागितली कीं ती एका क्षणांत देऊळ होते. माझें म्हणणें एवढेंच कीं, तिनें दोहोंपैकीं एक कांहींतरी असावें. आणि समजा, एखादी संस्था खरोखरच निखळ परोपकार करीत आहे; अशा संस्था आपल्याकडे आहेत आणि त्यांजविषयीं मला अत्यंत आदर आहे. तरीहि परोपकार करण्याची इच्छा विश्वस्तांची असते. त्यांनीं आपल्या खिशांतून तो करावा. झाडूवाल्याच्या पगारांतून केलेल्या दानाचें पुण्य विश्वस्तांच्या खातीं कोणत्या शास्त्रानें जमा होतें, तें मला समजत नाहीं.

परंतु या अपवादाचा खरा दोष व्यावहारिक आहे, आणि ज्यांस रुग्णालयांत संप नको आहे त्यांनींच त्याचा सर्वांत जास्त विचार करावयास हवा. रुग्णालयास उद्योगांतून वगळलें म्हणजे तंटा नाहींसा होत नाहीं. नाहींशी होते ती तंटा मिटविण्याची वाट. उद्योग असला तर संपापूर्वीं चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, सरकारी मध्यस्थ येतो, बोलणीं होतात, न्यायाधिकरण असतें. उद्योग नसला तर मालकास बोलावयाची सक्ति नाहीं आणि कामगारास थांबावयाचें कारण नाहीं. हा केवळ माझा तर्क आहे असें समजूं नये; अमेरिकेनें हा प्रयोग सत्तावीस वर्षें करून पाहिला आहे. तेथें १९४७ सालच्या टाफ्ट-हार्टले कायद्यानें ना-नफा रुग्णालयें कामगार-कायद्याबाहेर ठेविलीं गेलीं. कारण तेंच, धर्मादाय. त्या काळीं न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या ‘स्वयंप्रेरित’ रुग्णालयांतील स्वयंपाकी, सफाईवाले, अर्दली बहुतेक निग्रो व पोर्तो-रिकन होते, आणि दिवसभर राबूनहि त्यांच्यांतल्या अनेकांस सरकारी मदतीवर पोट भरावें लागे. औषधांच्या दुकानांतील नोकरांचा एक लहानसा संघ होता, त्याचा क्रमांक ११९९. लिओन डेव्हिस त्याचे पुढारी. या संघानें रुग्णालयांतील कामगारांस हात दिला. व्यवस्थापकांनीं बोलण्यास नकार दिला. कायदा त्यांस बोला असें म्हणत नव्हता. परिणाम असा कीं, मे १९५९ मध्यें सात रुग्णालयांत जो संप झाला तो ४६ दिवस चालला. पुढें १९६३ सालीं न्यूयॉर्क राज्यानें त्या शहरापुरता या कामगारांचा वाटाघाटीचा हक्क मान्य केला आणि १९७४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें तो धर्मादाय अपवादच काढून टाकला. त्याबरोबर रुग्णालयांत व शुश्रूषागृहांत संप करण्यापूर्वीं दहा दिवसांची नोटीस देण्याचें बंधनहि घातलें. हक्क आणि बंधन हीं दोन्ही एकाच कायद्यानें एकदम आलीं. जो अपवाद त्यांनीं पन्नास वर्षांपूर्वीं अनुभवानें टाकून दिला तो आपण नव्या संहितेंत नवा म्हणून आणला आहे.

आतां सर्वांत जड आक्षेप. संपानें माणसें मरतात. हा आक्षेप मी हलका करूं इच्छीत नाहीं. उलट तो ज्या रीतीनें आपल्याकडे मांडला जातो त्याहून बळकट करून मांडतों. ग्रूबर व क्लाइनर या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं न्यूयॉर्क राज्यांतील १९८४ ते २००४ या काळांतील परिचारिकांचे संप तपासले. संपाच्या काळांत दाखल झालेल्या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण सुमारें १८ टक्क्यांनीं वाढलेलें त्यांस आढळलें. बदली परिचारिका आणून काम चालविणाऱ्या रुग्णालयांची स्थितीहि त्यांस चांगली आढळली नाहीं. हें वाचून, “झालें! संप म्हणजे हत्या,” असें म्हणणारे म्हणोत. पण मग याच आंकड्याचा दुसरा अर्धा भागहि त्यांनीं मान्य केला पाहिजे. परिचारिका खाटेपासून दूर झाली असतां रोगी मरतो, हें जर खरें, तर ती संपामुळें दूर झाली काय आणि तीस रोग्यांत एकच नेमल्यामुळें दूर राहिली काय, रोग्यास फरक काय पडतो? लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, एका परिचारिकेमागें एक रोगी वाढला कीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याचा तीस दिवसांच्या आंत मृत्यु होण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो. संप चारआठ दिवस चालतो. ही अपुरी नेमणूक वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस चालते. भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाण शिक्षण-रुग्णालयांतील सामान्य वॉर्डांत तीन रोग्यांमागें एक आणि इतर रुग्णालयांत पांचांमागें एक परिचारिका असें आहे. वाचकांनीं आपल्या ओळखीच्या रुग्णालयांत रात्रीं दहानंतर एकदां जाऊन मोजून यावें. या रोजच्या, मुक्या, कोणत्याहि फलकाशिवाय चाललेल्या संपाबद्दल व्यवस्थापकास कोणी खुनी म्हणत नाहीं.

आणि ही नेमणूक वाढावी म्हणून आजवर कोण भांडलें? कॅलिफोर्नियांत एका परिचारिकेमागें किती रोगी असावे हें कायद्यानें ठरविणारा अमेरिकेंतील पहिला कायदा १९९९ सालीं झाला व २००४ पासून अमलांत आला, तो परिचारिकांच्या संघानें वर्षानुवर्षें धरलेल्या आग्रहामुळें. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशावरून केंद्र सरकारनें नेमलेल्या समितीनें शिफारस केली कीं, पन्नास खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतहि परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असूं नये, आणि दोनशेंहून अधिक खाटा असतील तेथें तें सरकारी परिचारिकेइतकें असावें. कागदावर शिफारस उत्तम. केरळांत २०१८ सालीं किमान वेतनाची अधिसूचना निघाली. कारण तेथें २०११ मध्यें स्थापन झालेली युनायटेड नर्सेस असोसिएशन रस्त्यावर उभी होती. ज्या महाराष्ट्रांतील खासगी रुग्णालयांत त्याच केरळच्या मुली हजारोंनीं राबतात, आणि ज्यांचीं प्रमाणपत्रें कित्येक ठिकाणीं नोकरी सोडूं नये म्हणून अडकवून ठेवलीं जात असत, त्या महाराष्ट्रांत त्यांच्या पाठीशीं काय उभें होतें?

वृद्धांच्या शुश्रूषागृहांविषयीं एक गोष्ट नमूद करतों. करोनाच्या पहिल्या लाटेंत न्यूयॉर्क राज्यांतील ३५५ शुश्रूषागृहांचा जो अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत कामगारांचा संघ असलेल्या गृहांत वृद्धांच्या करोना-मृत्यूंचें प्रमाण संघ नसलेल्या गृहांपेक्षां सुमारें ३० टक्क्यांनीं कमी आढळलें. अशा अभ्यासांतून कार्यकारण भाव निर्विवाद सिद्ध होतो असें मी म्हणत नाहीं; जेथें संघ असतो तेथें इतर गोष्टीहि निराळ्या असूं शकतात. पण त्याच गृहांतून मुखपट्ट्या व संरक्षक साधनें अधिक मिळत होतीं असेंहि त्यांत दिसलें, आणि मुखपट्टी मागितल्याबद्दल नोकरी जाणार नाहीं अशी खात्री असल्यावांचून झाडूवाली मुखपट्टी मागत नाहीं, हें समजण्यास संख्याशास्त्राची गरज नाहीं.

इतकें आंकड्यांचें झालें. तरीहि कोणी म्हणेल कीं, संघांत शिरलेली परिचारिका मनानें कोरडी होते. हक्काची भाषा बोलणाऱ्या बाईच्या हातांत माया राहत नाहीं. त्यास मी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील वॉर्ड क्रमांक चारची आठवण देतों. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर त्याच रुग्णालयांतील एका सफाई-कामगारानें पाशवी हल्ला केला. त्या पुन्हां शुद्धीवर म्हणून आल्याच नाहींत. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनीं संप केला. अरुणाबाईंची नीट व्यवस्था व्हावी आणि काम करणाऱ्या परिचारिकांची परिस्थिति सुधारावी, या त्यांच्या मागण्या होत्या. त्या वेळींहि रुग्णालय म्हणजे गिरणी नव्हे असें म्हणणारे असतीलच. पुढें १९८० नंतरच्या दशकांत महानगरपालिकेनें अरुणाबाईंस तेथून हलवून खाट मोकळी करण्याचा दोनदां घाट घातला. परिचारिकांनीं विरोध केला व तो बेत हाणून पाडला. १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनीं त्यांस भरविलें, न्हाऊं घातलें, कुशीवर वळविलें. या दीर्घ काळांत त्यांच्या अंगास एकहि शय्याव्रण झाला नव्हता, असें रुग्णालयाच्या वतीनें सर्वोच्च न्यायालयास सांगण्यांत आलें, आणि २०११ सालीं न्यायालयानें त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार याच कर्मचाऱ्यांचा मानला. ज्यांनीं रोग्याच्या अंगावर व्रण येऊं दिला नाहीं त्याच बायांनीं संप केला होता आणि त्यांनींच वरिष्ठांचा हुकूम धुडकावला होता. माया आणि मोर्चा यांचें वैर आहे हें ज्यांचें मत असेल त्यांनीं तें या वॉर्डाच्या इतिहासावर घांसून पाहावें.

मी संघांचा भाट नाहीं. आपल्याकडील रुग्णालयांतील संघांचे दोष मला दिसतात. स्ट्रेचर ढकलण्यासाठीं, नवजात मूल दाखविण्यासाठीं, प्रेत ताब्यांत देण्यासाठींसुद्धां चहापाणी मागणारा नोकर संघाच्या छायेखालीं निर्धास्त राहतो; त्याच्यावर कारवाई झाली तर पुढारी आधीं त्याच्या बचावास धांवतात आणि मग त्यानें काय केलें तें विचारतात. याहून मोठें पाप असें कीं, कायम नोकरांचे संघ आपल्या भत्त्यांविषयीं जितके जागरूक असतात तितके शेजारींच तोच झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईविषयीं बहुधा नसतात. मार्च २०२३ मध्यें राज्यांतील सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठीं सात दिवस संपावर होते. रुग्णालयांतील परिचारिकाहि त्यांत होत्या. मागणी न्याय्य असेल. परंतु ज्या कंत्राटी कामगारास नवें काय आणि जुनें काय, कोणतेंच निवृत्तिवेतन नाहीं, त्याचें नांव त्या घोषणांत फारसें ऐकूं आलें नाहीं. या दोषांवर कठोर टीका झालीच पाहिजे. मात्र ती करतांना हें ध्यानांत ठेवावें कीं, चहापाणी मागणारा वॉर्डबॉय संघ नसलेल्या रुग्णालयांतहि सांपडतो. तेथें त्याला आवरणारें दुसरें कोणी नसतें, आणि बहुधा कंत्राटदारानें पगारांतून कापलेली रक्कम तो रोग्याकडून भरून काढीत असतो.

आतां घरगुती चाकरीचा तो दुसरा अपवाद. आपल्या वर्गांतील शेंकडों कुटुंबांचीं मुलें परदेशीं किंवा परगांवीं आहेत, आणि म्हाताऱ्या आईबापांपाशीं बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांनीं किंवा चोवीस तास एकीनेंच राहणारी ‘मावशी’ असते. ती ब्यूरोमार्फत येते. ती कुशी वळवते, लंगोट बदलते, तोंडांत घास घालते, रात्रींतून चार वेळां उठते. रुग्णालयांत हेंच काम केलें तर तें निदान न्यायालयांत भांडण्याजोगें. आपल्या फ्लॅटमध्यें केलें कीं तें संहितेच्या बाहेर. साप्ताहिक सुटीचा, आजारपणाच्या रजेचा, नोटिशीचा प्रश्नच नाहीं. म्हातारा वारला कीं त्याच दिवशीं तिची नोकरी संपते. आपण ब्यूरोस महिन्याकांठीं जें देतों त्यांतून तिच्या हातीं किती पडतें, हें किती घरांस ठाऊक आहे? अशा बायांचा संघ होऊं शकत नाहीं असें समजूं नये. पुण्यांत १९८० सालीं मोलकरणींनीं कोणाच्याहि चिथावणीवांचून संप केला आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. अशाच चळवळींच्या रेट्यानें २००८ सालीं महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो संप झाला तेव्हां, “आम्ही यांना घरच्यासारखें वागवितों,” असें अनेक गृहिणींनीं म्हटलें असेल, आजहि म्हणतात. घरच्या माणसास दिवाळीला घरीं जाण्यासाठीं बदली शोधून द्यावी लागत नाहीं.

म्हणून मागणें आहे तें असें. संहितेंतील धर्मादाय अपवाद काढावा, आणि त्याच्या जागीं रुग्णालयांपुरती सक्तीची, ठराविक मुदतींत निकाल देणारी लवादाची व्यवस्था करावी; अतिदक्षता विभाग, प्रसूति आणि अपघात विभाग संपांतहि चालू ठेवण्याची जबाबदारी संघावरच कायद्यानें टाकावी. ज्यास बोलण्याचा हक्क दिला त्याच्यावरच ही जबाबदारी टाकतां येते. ब्यूरोंची नोंदणी, लेखी करार, पाळीचे तास आणि आठवड्याची एक सुटी हीं २००८ च्या कायद्याखालील मंडळामार्फत सक्तीचीं करावीं. हें सरकारचें काम झालें. पण आपल्या प्रत्येक पेठेंत आणि उपनगरांत ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. ते सवलतींसाठीं निवेदनें देतात, सभा भरवितात, प्रसंगीं मोर्चाहि काढतात, आणि कोणी त्यांस वृद्धपणाच्या पावित्र्याची आठवण देत नाहीं. या संघांनीं आपल्या पुढच्या सभेंत एवढा एक ठराव घ्यावा कीं, जो ब्यूरो मावशीस लेखी करार व सुटी देणार नाहीं त्याच्याकडून आमचे सभासद बाई घेणार नाहींत, आणि या बायांनीं आपला संघ काढला तर त्यांच्या पहिल्या बैठकीसाठीं आमचें सभागृह विनामूल्य मिळेल.